आत्तींचा हुडवा

शेणाचा वास हाताला तीन दिवस राहतो. लग्नाआधी हे मला कुणी सांगितलं असतं, तर मी त्या स्थळाला सरळ नकार दिला असता. साबण लावा, लिंबू चोळा, डाळीचं पीठ लावून खरवडून काढा, नखाच्या कडेला हिरवट काळी रेघ राहतेच. भाकरीचा घास उचलला की आधी तो वास नाकात शिरतो आणि मग घास तोंडात जातो. पहिलं वर्षभर मी चमच्यानं भात खाल्ला आणि भाकरी टाळली. गावात बोभाटा झाला की शिकलेली सून हातानं जेवत नाही.

चौऱ्याण्णव साली मी कोल्हापुरातल्या पेठेतून कागलच्या पुढच्या एका गावात लग्न होऊन आले. माहेर मास्तरांचं. दोनच खोल्या, पण फरशी रोज पुसलेली, डबे ओळीनं लावलेले आणि स्वयंपाक गॅसवर. वडिलांनी स्थळ पाहताना घरची शेती पाहिली, दोन म्हशी पाहिल्या, मुलगा डिप्लोमा करून फाउंड्रीत कायम झालेला आहे हे पाहिलं. घराच्या मागं परड्यात काय आहे ते बघायला कुणी गेलं नाही. दुरून डोंगर साजरे म्हणतात ते उगाच नाही.

परड्यात काय नव्हतं? उसाचं पाचट होतं, गुऱ्हाळावरून आणलेली चिपाडं होती, फुटक्या घागरी, गंजके पत्रे, तुटकी दावी, धुऊन पुन्हा वापरायची म्हणून घडी घातलेली खताची पोती. त्या पोत्यांखाली उंदरांची बाळंतपणं व्हायची. गोठ्याला लागून उकिरडा, उकिरड्याला लागून घरात जाळायच्या शेणींचं छप्पर. आमच्याकडं गोवरी कुणी म्हणत नाही, शेणी म्हणतात. आणि छपराच्या पलीकडं, न्हाणीच्या भिंतीपासून हातभर जागा सोडून, माझ्या खांद्याएवढा उंच, वरून निमुळता, शेणमातीनं लिंपलेला तो हुडवा.

हुडवा म्हणजे शेणींची रास. पावसाळ्यात भिजू नयेत म्हणून शेणी गोल रचत न्यायच्या, वर पाचट घालायचं आणि सगळ्याला बाहेरून जाड लिंपण द्यायचं. असे हुडवे गावात घरोघर होते, त्यात नवल नव्हतं. नवल हे होतं की आमच्या हुडव्यातली एकही शेणी जाळायची परवानगी नव्हती. लग्नानंतर आठच दिवसांनी मी न्हाणीतल्या चुलीसाठी त्यातली एक शेणी ओढायला गेले, तर सासूबाई, म्हणजे आमच्या आत्ती, हातातलं शेण तसंच घेऊन धावत आल्या.

“त्येला हात लावू नगो. ती माझी हाय.”

मला वाटलं, सासूची मालकी दाखवतायत. नवऱ्यानं संध्याकाळी समजावलं. तो हुडवा आईच्या सरणासाठी होता. आमच्याकडं माणूस गेलं की शेणींवर जाळतात. एका माणसाला पाच शेकडे लागतात, आणि आत्तींनी आपले पाच शेकडे आपल्या हातानं लावून, मोजून, रचून ठेवले होते. सासऱ्यांच्या मागं त्या दर वर्षी हेच करत आल्या होत्या. सासरे ऐन पावसाळ्यात गेले, शेणींचा त्रास झाला, म्हणून आईनं मनावर घेतलंय, एवढंच तो म्हणाला.

मला ते ऐकून शिसारीच आली. ज्या बाईचा अजून एक दात पडलेला नाही, जी म्हैस पिळून वर दोन भाऱ्या वैरण आणते, तिनं न्हाणीच्या शेजारी स्वतःचं सरण रचून ठेवायचं आणि रोज सकाळी आंघोळ करून आलं की ओल्या हातानं त्यावर थाप मारून बघायची. मी रोज तिथूनच कपडे वाळत घालायला जायची. माझ्या पोलक्यांच्या मागं माझ्या सासूची चिता उभी.

या हुडव्याची उस्तवार वर्षभर चालायची. संक्रांत झाली की शेणी लावायला सुरुवात. पहाटेचं शेण पाट्यांनी माळावर न्यायचं, त्यात भाताचं तूस आणि गुरांनी खाऊन उरलेली चगळ घालायची आणि पायानं तुडवायचं. कोपरापर्यंत हात घालून गोळा उचलायचा आणि खडकावर थापायचा. उन्हानं वरची बाजू धरली की उलटायच्या. उलटल्या की खाली पांढऱ्या अळ्या वळवळायच्या. मला पहिल्यांदा तिथंच ओकारी झाली. शेजारच्या बायकांनी आत्तींना लगबगीनं विचारलं, गोड बातमी हाय काय म्हणून. आत्ती म्हणाल्या, गोड न्हाई, नुसती नाजूक हाय.

पाडव्याच्या सुमाराला जुना हुडवा फोडायचा. मागल्या सालच्या शेणी घरच्या चुलीसाठी छपरात जायच्या आणि नव्या हुडव्यात. शिळं आधी वापरायचं, ताजं राखून ठेवायचं, हा हिशेब आत्तींना कुणी शिकवला नव्हता. फोडताना आतून काय काय निघायचं ते सांगते. विंचू तर धरलेलेच. गोमा निघायच्या, सापाची अख्खी कात निघायची, एकदा बेडूक निघाला, चपटा आणि वाळलेला. झुरळं तर अशी सुटायची की जमीनच हलल्यासारखी वाटायची. आत्ती सगळं पायानं बाजूला सारून रचत बसायच्या. नवी रास झाली की रोहिणीचा पाऊस यायच्या आत लिंपण, आणि दर चार दिवसांनी उंदरांनी पाडलेली भोकं बुजवणं.

हे मी चार वर्षं सोसलं. सोसलं म्हणजे नाक मुरडत, दोन पाट्यांत एक पाटी टाळत. अठ्ठ्याण्णव साली आत्तींचे गुडघे गेले आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. माळावर जाणं बंद झालं. त्या दिवशी त्या जोत्यावर बसल्या होत्या आणि मी पाणी घेऊन गेले. त्यांनी तांब्या खाली ठेवला.

“यंदापास्नं हुडवा तू भर. माझा हात चालत न्हाई.”

मी बरं म्हटलं. त्यांनी माझ्याकडं जरा जास्तच वेळ बघितलं, मग पाणी प्यायल्या. एखाद्या शहाण्या सुनेला त्यात विश्वास दिसला असता. मला पाच शेकडे शेण दिसलं.

पुढं मी जे केलं ते सांगायला मला आजही लाज वाटते, पण त्या वेळी मी स्वतःवर खूश होते. मी हुडव्याचं बाहेरचं कवच तेवढं शेणींचं केलं. दीडशे शेणी गोल उभ्या रचल्या, वरून पाचट आणि लिंपण. आत्तींना आवडेल असं गुळगुळीत लिंपण मला जमायला लागलं होतं. आणि आत? आत मला अख्ख्या घराची अडगळ ठेवायला जागा मिळाली. त्या घरात काही टाकून द्यायची सोय नव्हती, आत्ती टाकलेलं उकिरड्यावरून परत आणायच्या. आता मी फाटकी खताची पोती आत कोंबली. नवऱ्याची तुटलेली रेक्झिनची बॅग, माझ्या मुलीच्या झिजलेल्या चपला, फुटकी बादली, तेलाच्या पिशव्या, चिपाडं, सगळं गेलं. परडं एकदम मोकळं दिसायला लागलं. पुढच्या पाडव्यांना मी कवचाच्या शेणी तेवढ्या बदलल्या, आतलं तसंच ठेवलं. गावातल्या बायका म्हणाल्या, सून आल्यावर परड्याला कळा आली. वरून कीर्तन आतून तमाशा.

घरच्या चुलीला शेणी कमी पडल्या की भिंतीच्या बाजूनं हात घालून त्या कवचातल्याही दोन-चार ओढायची आणि भोकात पोत्याचा बोळा बसवून वर लिंपून टाकायची. भिंतीकडून ते दिसण्याचं कारण नव्हतं. आत्ती रोज सकाळी काठी टेकत यायच्या, समोरून थाप मारायच्या आणि जायच्या. एका वर्षी गावात कुठल्याशा साहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लागले होते, पावसाच्या आधी नवऱ्यानं त्यातला एक आणून हुडव्यावर बांधला. तेव्हापासून हात जोडून हसणारे साहेब सासूच्या सरणावर बसलेले असायचे आणि आत माझ्या मुलीच्या चपला. माझं मला हसू यायचं.

मी हा विचार केलाच नव्हता असं नाही की उद्या ही बाई गेली तर काय. पण माझा हिशेब असा होता की माणसं उन्हाळ्यातही जातात, थंडीतही जातात. गावात कोरड्या शेणी तेव्हा ढिगानं असतात, कुठूनही आणता येतील. आणि आत्ती इतक्यात काही जात नाहीत.

दोन हजार एक सालच्या आषाढात त्यांनी अंथरूण धरलं.

आठ दिवस सूर्य दिसला नव्हता. आधी ताप, मग खोकला, मग छाती वाजायला लागली. कागलच्या डॉक्टरांनी घरी येऊन सलाईन लावलं, बाहेर सोप्यात आल्यावर नवऱ्याला म्हणाले, वय आहे, दोन दिवस बघू, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलावून घ्या. भावकी जमायला लागली. सोप्यात पुरुष बसले, आत बायका. मी चहा करत होते आणि सारखी परड्याच्या दाराकडं बघत होते. सासूच्या काळजीनं जिवाला थारा नाही, असं सगळ्यांना वाटत होतं.

दुपारी चुलत दीर पान खात उठले. चांगला माणूस, गावात कुणाकडं काही झालं की पुढं असायचा. म्हणाले, शेणींची काळजी न्हाई, काकूनं सोय करून ठेवलीया, जरा बघून येतो किती कोरड्या हायत. आणि परड्याच्या दाराकडं निघाले. मी चहाचा ट्रे घेऊन दारात आडवी उभी राहिले. म्हटलं, भाऊजी, तिकडं विंचू निघालेत, कालच दोन मारले, पाऊस थांबल्यावर बघा. ते मागं फिरले. चोराच्या मनात चांदणं. मला वाटलं सगळ्यांनी माझ्याकडंच बघितलं.

डोळ्यांसमोर एकच चित्र येत होतं. आत्ती सोप्यात झाकून ठेवलेल्या आहेत, पाऊस कोसळतोय, आणि भावकीतले दहा पुरुष गावासमोर हुडवा फोडतायत. आधी साहेबांचा फ्लेक्स बाजूला होतो. मग लिंपण फुटतं. मग रेक्झिनची बॅग, मग तेलाच्या पिशव्या, मग चपला. मला शेणाची किळस यायची ती नाकात यायची. ही किळस छातीत आली, आणि ती माझी मला येत होती.

आत गेले. आत्तींचे डोळे मिटलेले होते. मला वाटलं, झोपल्यात. तर त्या तशाच, डोळे न उघडता बोलल्या.

“हुडवा कोरडा हाय न्हवं?”

मी म्हटलं, आहे आत्ती. एवढं स्पष्ट खोटं मी त्याआधी कधी बोलले नव्हते.

नवरा पहिली पाळी करून आला तसं मी त्याला गोठ्यात नेलं आणि सगळं सांगितलं. म्हशींचं शेणमूत पायाखाली, वर पत्र्यावर पाऊस वाजतोय, त्यामुळं दोनदा सांगावं लागलं. तो ओरडला नाही. ओरडला असता तर बरं झालं असतं. तो खाली गव्हाणीच्या कडेवर बसला आणि त्यानं मला वडिलांचं सांगितलं, जे सात वर्षांत कधी सांगितलं नव्हतं.

सासरे अशाच पावसात गेले. घरात शेणी नव्हत्या. हा तेव्हा नववीत होता. आत्ती स्वतः पाटी घेऊन दारोदार शेणी मागत फिरल्या. लोकांनी दिल्या, पण ज्यानं त्यानं वरच्या, ओल्या दिल्या, खालच्या कोरड्या स्वतःला ठेवल्या. ओढ्याकाठी तेव्हा पत्र्याचं शेड नव्हतं. रॉकेल ओतलं, टायर टाकलं, तरी दोनदा विझलं. संध्याकाळी पुरुष दमून घरी आले. बायका मसणवट्यात जात नाहीत, पण दुसऱ्या दिवशी सकाळी आत्ती बांधावरून वैरणीला गेल्या आणि त्यांना तिथून दिसलं. काय दिसलं ते त्यानं सांगितलं नाही, फक्त म्हणाला, कुत्री होती. तिसऱ्या दिवशी राख सावडायच्या आधी पुन्हा शेणी मागून आणून पुन्हा जाळावं लागलं.

“तवापास्नं ती कुणाच्या दारात कसल्या बी मागणीला गेली न्हाई,” तो म्हणाला.

मी म्हटलं, मग आता काय करायचं ते सांगा. तो म्हणाला, आधी ती घाण बाहेर काढ.

बायका आत आत्तींचे पाय चोळत होत्या, पुरुष सोप्यात होते. आम्ही दोघांनी भर पावसात भिंतीच्या बाजूनं हुडवा रिकामा केला. तीन वर्षं कुजलेली पोती. त्यांना हात लावला की बोटं आत जायची. उंदरांची पिल्लं, गुलाबी, डोळे न उघडलेली, चपलेत घरटं करून होती. विंचू खरंच निघाले, चार. पिशव्यांतलं जुनं तेल आंबून त्याचा जो वास सुटला होता, तो मला आजही कधी कधी येतो. मी दोनदा ओकले आणि पुन्हा हात घातला. सगळं उकिरड्यात पुरलं आणि वर शेण ओढलं.

हाताशी होतं काय? छपरातल्या दोनेकशे शेणी, त्याही सादळलेल्या, बुरशीनं पांढऱ्या झालेल्या. आणि कवचाच्या शंभर. गावात मागायचं नाही हे न बोलता ठरलं होतं. नवऱ्याची फाउंड्री तेव्हा कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत होती. नाव पंचतारांकित, आणि हा दुसऱ्या दिवशी पाळीला निघाला तेव्हा गाडीच्या मागं प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं शेणींचं पोतं बांधलेलं. तिथं भट्टीमागच्या भिंतीला अंगावर घेता येणार नाही एवढी धग असते. गेटवर वॉचमननं पोतं उघडायला लावलं. नाक आत घालून विचारलं, हे काय. हा म्हणाला, आई आजारी हाय, पाऊस लागलाय. वॉचमन राधानगरीकडचा, पावसाच्या मुलखातला होता. त्यानं पोतं पुन्हा बांधायला हात लावला. भट्टीवरच्या पोरांनी तर रचायची जागाच करून दिली.

रोज एक पोतं ओलं जायचं आणि एक कोरडं यायचं. कोरड्या शेणी एकमेकींवर आपटल्या की खणखण वाजायच्या. त्या मी आतून रचायची. तरी पुऱ्या पडेनात, म्हणून मी नव्या लावायला घेतल्या, आषाढात, घरात. गोठ्यातलं ताजं शेण, त्यात तूस, आणि भाकरीएवढ्या पातळ शेणी थापून माझ्या झोपायच्या खोलीत, पंख्याखाली, फरशीवर. ही फरशी मी हट्टानं घालून घेतली होती, माहेरासारखी. पलंगाखाली शेणी, कपाटापुढं शेणी, मुलीच्या दप्तराशेजारी शेणी. निम्म्याशिम्म्या वाळल्या की फाउंड्रीत. खोलीत माश्यांचं मोहोळ उठलं. जेवायला बसायला वेळ नव्हता, उभ्या उभ्या भाकरी खायची. हातानं. वास येत होता आणि मी गिळत होते.

तिसऱ्या दिवशी आत्तींनी विचारलं, आत शेणाचा वास कसा येतोय? मी म्हटलं, गोठ्यातलं पाणी आत आलंय. त्या म्हणाल्या, असंल, आणि कूस बदलली.

मला सांगायला हवं की त्या दिवसांत मी देवाला हात जोडून जे मागत होते, ते आत्ती बऱ्या होऊ देत असं नव्हतं. मी मागत होते, अजून दोन शेकडे होईपर्यंत थांबव. मग, अजून शंभर होईपर्यंत. मग, लिंपून होईपर्यंत. त्या थांबल्या. दहाव्या दिवशी हुडवा भरला आणि अकराव्या दिवशी त्यांनी पिठलं मागितलं. आजारच उतरला. भावकी आपापल्या घरी गेली, चुलत दीर जाताना जरा नाराजच वाटले.

भादव्यात ऊन पडलं. आत्ती काठी टेकत, माझ्या खांद्यावर हात ठेवून परड्यात आल्या. मला वाटलं, नेहमीसारख्या समोरून थाप मारतील. त्या समोर थांबल्याच नाहीत. वळसा घालून भिंतीच्या बाजूला गेल्या, त्या हातभर अरुंद जागेत, आणि काठीच्या टोकानं हुडव्याला तीन-चारदा ठोकून बघितलं.

“आता भरीव वाजतोय,” आत्ती म्हणाल्या. “तीन सालं पोकळ वाजत हुता.”

मी विचारलं, तुम्हाला माहीत होतं तर बोलला का नाहीत.

“बोलून काय हुनार हुतं? तू परत वरनंच लिंपलं असतंस. मी कुनाकडं शेनी मागत न्हाई, पोरी. सुनंकडंबी न्हाई.” मग जरा दम खाऊन म्हणाल्या, “पडल्या पडल्या तुझी पळापळ बघत हुतो. म्हटलं, आता न्हाई मेलो तरी चालंल.”

आणि हसल्या. एवढी कडू बाई, पण हसताना सगळे दात दिसले. मला त्यांचा संताप आला. दहा दिवस मी मेल्याहून मेली झाले होते आणि या डोळे मिटून वास घेत पडल्या होत्या. तीन वर्षं रोज समोरून थाप मारत होत्या, मला कळावं म्हणून की काय, कुणास ठाऊक. मी त्यांना तिथंच सोडून कपडे गोळा करायला गेले. त्या भिंतीला धरून एकट्या आल्या.

त्यानंतर दोन उन्हाळे मी हुडवा भरला. पाच शेकडे, मोजून, सगळ्या माझ्या हाताच्या. आवड लागली असं कुणी समजू नये. अळ्या दिसल्या की मी तोंड फिरवायचीच, विंचू दिसला की मी किंचाळायचीच, आणि आत्ती जोत्यावरून, शेणी जाड लाव, कडंला पातळ नगो, म्हणून ओरडायच्या तेव्हा पाटी त्यांच्या डोक्यावर उलटी करावीशी वाटायची. पण लावायची जाड. उलटायची वेळेवर. लिंपणात तूस जास्त घातलं की भेग पडत नाही हे माझं मी शोधून काढलं.

त्या दुसऱ्या साली, श्रावणात आत्ती गेल्या. झोपेतच, त्रास न देता. पाऊस असा की समोरचं घर दिसत नव्हतं. सकाळी पुरुषांनी हुडवा फोडला. मी आतल्या खिडकीतून बघत होते. चुलत दिरांनी पहिली शेणी काढली, दुसरीवर आपटली, आणि मान हलवली. ताडपत्रीखाली झाकून ट्रॉली भरली. मग आत्तींना नेलं.

घरातल्या बायका आंघोळीला बसल्या आणि मी परड्यात आले. जिथं हुडवा होता तिथं कोरड्या पांढऱ्या मातीचं एक गोल उरलं होतं, बाकी सगळा चिखल. त्या गोलात झुरळं, गोमा, अळ्या, सगळी दाणादाण पळत होती. मी खराटा घेतला आणि शिव्या देत एकेक झोडून काढलं. तोवर पाऊस पडून ते गोलही भिजलं, आणि तिथं काही होतं असं दिसेना.

दुपारी माणसं ओढ्यावरून परत आली. आमच्या चुली बंद होत्या, भावकीतून पिठलं-भाकरी आली होती. मी आतल्या दाराशी उभी होते. सोप्यात चुलत दीर म्हणत होते, एवढ्या पावसात, शेडात पानी गळतंय, तरी एका काडीत पेटलं. असल्या शेनी आता कुनाकडं बघायला मिळत न्हाईत. मग कुणीतरी विचारलं, लावल्या कुनी?

नवऱ्यानं आतल्या दाराकडं बघितलं.

“आईनंच की,” तो म्हणाला.

तो माझी अब्रू झाकत होता, हे मला कळत होतं. आईनं लावल्या म्हटल्यावर मधल्या तीन वर्षांचा विषयच निघणार नव्हता. आईचाही मान राहत होता, त्या एका पावसानंतर कुणाकडं काही न मागितलेल्या बाईचा. सगळं बरोबर होतं. तरी माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या होत्या त्या. पाचही शेकडे माझे होते, या हातांनी, या नखांनी लावलेले. मला ओरडून सांगावंसं वाटलं. ज्या शेणाला हात लावायला मी नऊ वर्षं तोंड वाकडं केलं, ते शेण मला गावासमोर माझ्या नावावर हवं होतं.

मी न्हाणीत जाऊन कडी लावली आणि हुंदके देऊन रडले. बाहेर बायका एकमेकींना म्हणत होत्या, रडू दे तिला, सासू गेली की कळतं. ते अगदीच खोटं नव्हतं.